पऱ्हाटी चुलीची की मातीची?

पाण्याचं बोलणं निघालं की आपल्याकडे विहीर, बोअर, शेततळं, नाल्यावरचा बांध यांचीच नावं येतात. आज आम्ही ती सगळी बाजूला ठेवणार आहोत. आज बोलायचं आहे पायाखालच्या मातीबद्दल, आणि तिच्यावर येऊन पडणाऱ्या एका भांडणाबद्दल. ते भांडण चुलीपाशी सुरू होतं, म्हणून ते बायकांनीच सोडवायचं आहे.

आधी दादर घेऊ. तापीकाठच्या काळ्या रानात मूग-उडीद निघाला की भाद्रपद-आश्विनात दादर पेरतात. पेरणीनंतर पाऊस जवळपास संपलेलाच असतो. कितीतरी शेतांत तिला एकही पाणी देत नाहीत. तरी ती माणसाच्या डोक्यावर जाते, कणीस भरते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला आपल्या तव्यावर भाकर होऊन येते. मधले चार महिने दादर पाणी कुठून पिते? मातीतूनच. पावसाळ्यात मुरलेली ओल ती मुळांनी हळूहळू वर ओढते. ना वीजबिल, ना मोटार, ना रात्रीची लाइन.

ही ओल किती असते, त्याचा हिशेब करून ठेवा. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. काळी जमीन मीटरभर खोल असेल तर पिकाला घेता येईल असं १५० ते २०० मिलिमीटर पाणी ती धरते. कमीतली कमी बाजू धरली तरी एकरी सहा लाख लिटर झाले. दहा हजार लिटरचे ६० टँकर एका एकरात, जमिनीच्या पोटात. साक्री, शिंदखेड्याकडच्या हलक्या रानात फूटभर माती आणि खाली मुरूम असला, तर तिथे हेच पाणी जेमतेम दहा-बारा टँकर भरतं. म्हणून एकाच पावसावर एकीची कपाशी दिवाळीनंतरही हिरवी राहते आणि दुसरीची पोळ्यालाच माना टाकते.

आता वरून किती पडतं ते बघा. जळगाव जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, धुळ्यात त्याहून कमी. सातशे मिलिमीटर म्हणजे एकरी २८ लाख लिटर. म्हणजे आभाळ पुरेसं देतं, काळ्या मातीच्या घागरीत मावेल त्याच्या चौपट देतं. पण ते एकदम देतं. तासाभरात धो-धो, मग तीन आठवडे कडक ऊन. त्या तासाभरात किती पाणी आत गेलं आणि किती गढूळ होऊन नाल्याला लागलं, यावर पुढचे तीन आठवडे ठरतात.

पाणी आत का जात नाही? परातीत एकीकडे रवा पसरा, दुसरीकडे मैदा, आणि दोन्हीवर वरून पाणी सोडा. रव्यातून पाणी खाली उतरतं. मैद्याचा वरचा थर चिकट होतो आणि पाणी त्याच्यावरून ओघळतं. मातीचंही तसंच आहे. मुळं, गांडुळं, बुरशी आणि कुजलेला पालापाचोळा मिळून मातीचे बारीक कण एकमेकांना धरून ठेवतात, तिचा रवा करतात. उघड्या रानावर पावसाचा थेंब आपटला की हा रवा फुटतो, त्याचा मैदा होतो, वर पापडी धरते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांतून पहिला पाऊस खोल जातो हे खरं. पण दोन-तीन पावसांत माती फुगते, भेगा मिटतात, आणि नंतरचा जोराचा पाऊस वरच्यावर निघून जातो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण गटांच्या बैठकांत तिच्याबद्दल फार फुगवून सांगितलं जातं. सेंद्रिय कर्ब जरा वाढवला की जमीन लाखो लिटर जास्त पाणी धरेल, असं ऐकायला मिळतं. ते तसं नाही. सिडनी विद्यापीठाच्या दोन मृदाशास्त्रज्ञांनी २०१८ साली जगभरच्या अभ्यासांतली मोजमापं एकत्र करून बघितली. कर्ब एका टक्क्याने वाढला तर दहा सेंटिमीटर मातीत पिकाला मिळणारं पाणी सरासरी एक मिलिमीटरच्या थोडं वरच वाढतं, असं त्यांना दिसलं. रेताड जमिनीत थोडं जास्त, आपल्यासारख्या चिकण जमिनीत त्याहूनही कमी. आणि एक टक्का हा फार लांबचा पल्ला आहे. आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेत कर्ब ०.४ च्या खाली असला की ‘कमी’ लिहून येतं. तो ०.४ चा ०.६ करायलाच कित्येक वर्षं जातात. तेवढा केला तरी वरच्या फूटभर मातीत एकरी तीन हजार लिटरसुद्धा जास्त धरले जात नाहीत.

मग कशाला एवढा खटाटोप? कारण घागर मोठी झाली नाही तरी घागरीचं तोंड उघडतं. चाळीस मिलिमीटरचा एक जोराचा पाऊस आला आणि त्यातला निम्मा वाहून जायच्या ऐवजी आत गेला, तर एका पावसात एकरी ८०,००० लिटर कमावले. आठ टँकर. वर पाल्याचं झाकण असेल तर आत गेलेलं पाणी उन्हाने उडतही नाही. जळगावच्या उन्हाबद्दल आम्ही तुम्हाला काय सांगावं! तर कर्बाचा आकडा म्हणजे मातीची नाडी. ती बघत राहावं. पण आपलं रोजचं काम दोनच: तोंड उघडं ठेवायचं आणि वर झाकण घालायचं.

आमचं नुसतं ऐकू नका, मोजून बघा. सहा इंची पाइपाचा वीतभर तुकडा घ्या. चांगला पाऊस होऊन गेल्यावर, ओल्या रानात तो तीन बोटं आत ठोका. त्यात साडेचारशे मिली पाणी ओता. तेवढं पाणी म्हणजे एक इंच पाऊस. ते मुरलं की पुन्हा तेवढंच ओता आणि दुसऱ्या खेपेला किती मिनिटं लागतात ते मोबाइलवर बघा. एकदा कपाशीच्या ओळीमधल्या उघड्या जागेत करा, आणि एकदा त्याच शेताच्या बांधावर, निंबाखालच्या गवतात. माती तीच, पाऊस तोच, वेळ वेगळी. उन्हाळ्यात हा प्रयोग करू नका, भेगेत पाणी जाईल आणि उत्तर खोटं येईल.

आता झाकण घालायचं कशाने? खानदेशात सगळ्यात मोठा काडीकचरा कपाशीचा. एकरी साधारण टनभर पऱ्हाटी निघते, आणि वाळल्या काडीच्या वजनात जवळपास निम्मा कर्बच असतो. ती कुठे जाते? थोडी बांधावर जाळतात. बाकीची चुलीत जाते. भांडण ते हेच.

बांधावर जाळणाऱ्याला दोन शब्द सुनावता येतात. चुलीत जाळणारीला काय सांगणार? तिच्या डोक्यावरचा भारा हौसेचा नाही. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, घरोघरी शेगडी आली, पण टाकी भरायची म्हटलं की घरात हिशेब सुरू होतो. चहा गॅसवर, भाकरी चुलीवर, आणि अंघोळीचं पाणी तर हमखास काड्यांवर. शेणाचंही तेच. शेण उकिरड्यात गेलं तर माती खाते, गोवऱ्या थापल्या तर चूल खाते.

आणि ज्या घराला शेतच नाही तिथे मामला आणखी नाजूक आहे. आपल्या भागात कितीतरी ठिकाणी कपाशी उपटायची मजुरी पैशात मिळत नाही. काड्या उपटा आणि घेऊन जा, हीच मजुरी. शेतमालकाने कुट्टी यंत्र आणून पऱ्हाटी रानातच बारीक केली, तर त्याच्या मातीला झाकण मिळालं, पण मजुरी करणाऱ्या बाईची वर्षभराची जळणाची बेगमी गेली. गटात शेतवाल्या आणि बिनशेतीच्या दोघीही बसतात. मातीचं भलं करायचं म्हणून एकीची चूल विझवायची, हे आम्हाला मान्य नाही. निर्णय घ्यायचा तर दोघींना समोर बसवून घ्या.

त्यातून निघणाऱ्या वाटा सांगतो. पहिली, अर्धी वाटणी. खालचा जाड बुंधा जळणाला, वरच्या बारीक फांद्या, पानं, बोंडांच्या टरफलांची कुट्टी रानाला. बुंध्यात जळण जास्त, बारीक काडीत मातीसाठी लवकर कुजणारा माल जास्त, म्हणजे दोन्हीकडे बरं. दुसरी वाट बांधावरचं गिरीपुष्प. पावसाच्या तोंडाला फांदीची कलमं किंवा रोपं लावली की दुसऱ्या वर्षापासून छाटता येतं. त्याचा पाला नत्राने भरलेला, तो ओळींमध्ये पसरायचा, आणि काड्या चुलीला. एकाच झाडातून दोघींचं भागतं. बांध सामाईक असेल तर छाटणी कोणी करायची आणि काड्या कोणी न्यायच्या हे आधीच वहीत लिहून ठेवा, नाहीतर तिथेही भांडण.

तिसरी गोबरगॅस. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं हवीत. ज्यांच्या गोठ्यात ती आहेत त्यांनी गोवऱ्या थापणं हा तोटाच आहे. गॅस चुलीला मिळतो आणि स्लरी रानाला, एकच शेण दोनदा कामाला येतं. एका गाईवाल्या घराला मात्र हे जमणार नाही, तिला गळ घालू नका.

पऱ्हाटीची गंजी रचण्याबद्दल एक धोका सांगितलाच पाहिजे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभर कपाशीचं काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. ही अळी न उमललेल्या, किडक्या बोंडांत दडून राहते आणि पुढच्या हंगामाला बाहेर पडते. घरामागे किंवा बांधाला रचलेली गंजी म्हणजे तिला सांभाळून ठेवलेली खोली. म्हणून फरदड न घेता कपाशी वेळेत काढायची, आणि जळणाला न्यायच्या काड्यांवरची सगळी किडकी बोंडं आधी तोडून नष्ट करायची. कुट्टीत बोंडही चिरडलं जातं, हा तिचा वेगळा फायदा.

कुट्टी रानात पसरली की पहिल्या वर्षी एक घोळ होतो आणि मग लोक म्हणतात, हे काही खरं नाही. लाकडासारखी काडी कुजताना मातीतलं नत्र काही काळ स्वतःकडे ओढते, आणि पीक पिवळं पडतं. त्यावर उपाय आहे. उसाच्या पाचटाला टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारं जिवाणू खत अशी शिफारस असते. पऱ्हाटीला त्याच अंदाजाने सुरुवात करा, गावच्या कृषी सहायकाला विचारून. शेणकाला शिंपडला तरी मदत होते. यंत्र एकटीने घेण्यासारखं नसतं. गटाने भाड्याने आणावं, किंवा महाडीबीटीवर अवजारांच्या अनुदानाचं काय चालू आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारावं.

ज्वारी-बाजरीच्या कडब्याबद्दल आम्ही काही म्हणत नाही. तो जनावरांचा. जनावर खाईल, शेण देईल, तेच शेण रानात जाऊ द्या. धसकटं मात्र उपटून जाळू नका. मूळ जागच्या जागी कुजलं की मातीत नळी तयार होते आणि पाणी त्या नळीने खाली जातं. रायगड जिल्ह्यात नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस तंत्र बसवलं ते याच मुद्द्यावर. गादीवाफे एकदाच करायचे, पुन्हा नांगरायचं नाही, आधीच्या पिकाची मुळं आतच ठेवायची. त्यांनी भातापासून सुरुवात केली, पण मुळं उपटायची नाहीत हा धडा कपाशीच्या रानालाही लागू आहे. लगेच सगळं शेत बिननांगरणीचं करा असं आम्ही म्हणणार नाही. दहा गुंठ्यांवर करून बघायला कोणाची हरकत असायचं कारण नाही.

रावेर-यावलच्या केळीवाल्या भगिनींचं काम यापेक्षा सोपं. घड कापला की उभा खांब आणि पाला हे आयतं झाकण आहे. रस्त्याच्या कडेला किंवा नाल्यात टाकण्याऐवजी तुकडे करून बागेतच ओळींमध्ये घाला, त्यातलं पालाशही परत मिळतं. विषाणूरोगाची झाडं मात्र मुळासकट काढून बागेबाहेर नष्ट करायची.

आपल्या हातातलं रोजचं काम म्हणजे निंदणी. निंदलेलं तण बांधावर फेकायला आपण वाकून-वाकून जातो. फुलावर यायच्या आधीचं तण असेल तर ते जागीच, मुळं वर करून, दोन ओळींमध्ये आडवं टाका. हरळी, लव्हाळा आणि फुलावर आलेलं गाजर गवत तेवढं बाहेर न्या. एक कोळपणी अर्धं पाणी, हे तर आपल्या घरातली म्हातारी माणसंही सांगतात. त्यात तथ्य आहे: कोळपल्याने वरच्या भेगा बुजतात आणि खालची ओल उडत नाही. पेरणी-कोळपणी उताराला आडवी असू द्या, कपाशी महिना-सव्वा महिन्याची झाली की चार-सहा ओळींनंतर एक मृत सरी काढा. पाणी पळायचं थांबतं, आणि थांबलं की मुरतं.

मुरमाड रानाला एवढ्याने पुरत नाही. तिथे घागरच लहान आहे. ती मोठी करायचा एक मार्ग खरोखरीचा आहे, तो म्हणजे तलावातला गाळ. राज्यात २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. धरणातला गाळ म्हणजे कोणाच्या तरी रानातून वाहून आलेली वरची मातीच, ती परत रानात आणायची. हलक्या जमिनीवर गाळ पसरून मिसळला की खोली वाढते आणि चिकण कणही मिळतात. काळ्या भारी जमिनीवर तो टाकू नका, तिथे पाणी साचायचा त्रास वाढेल. आणण्याआधी गाळ तपासून घ्या, खारवट निघाला तर पैसे देऊन दुखणं आणल्यासारखं होईल.

धुळे जिल्ह्यातच साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरात, बारीपाडा आहे. गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल, चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सगळीकडे झालं होतं. १९९० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथला डोंगर उघडा होता आणि पाण्यासाठी वणवण होती. गावाने बसून स्वतःचे नियम केले, तोडीला दंड ठेवला, राखण केली, दगडी बांध घातले, चर खणले. आज चारशे हेक्टरांहून जास्त जंगल उभं आहे, विहिरींना पाणी आहे, आणि रानभाज्यांच्या पाककलेची तिथली स्पर्धा बघायला लांबून माणसं येतात. त्या जंगलात कोणी खत टाकलं नाही. पाला पडला, तो कोणी उचलला नाही, त्याखाली मातीचा रवा झाला. आपलं शेत म्हणजे जंगल नाही, त्यातून पीक बाहेर जाणारच. पण जळणाचा प्रश्न बारीपाड्यालाही होता. तो नियम करून, सगळ्यांनी मिळून सोडवावा लागला, हे आम्हाला पद्मश्रीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

शेवटी कामाच्या वेळा सांगतो. आखाजीला लेकी माहेरी येतात, त्याच्या आधी रान मोकळं असताना मातीचा नमुना काढा. आठ-दहा जागी वीतभर खोल खड्डे घ्या, प्रत्येक खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून सगळी एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरा. झाडाखालची, उकिरड्याजवळची, बांधालगतची जागा टाळा. चिठ्ठीवर गट नंबर लिहा, आणि सातबारा नवऱ्याच्या नावावर असला तरी नमुना कोणी काढला ते तुमचं नाव खाली घाला. पत्रिका आली की ‘सेंद्रिय कर्ब’ ही ओळ वाचून गटाच्या वहीत उतरवा. पाइपाचा प्रयोग आषाढात एकदा आणि कानबाई झाली की पुन्हा एकदा. तीच जागा, तेवढंच पाणी, मिनिटं वहीत. आणि पऱ्हाटीच्या वाटणीची बैठक दिवाळीनंतर लगेच घ्या, कपाशी उपटायला लागल्यावर नको. तेव्हा भारे बांधून झालेले असतात.